खडूंचा डबा घेऊन पुन्हा त्याच दारात: शाळा, वस्ती आणि निवारा केंद्रात कलावर्ग कसा चालवावा

पहिल्या वर्षी आम्ही एका दिवसात तीन शाळा ‘केल्या’. तेव्हा हाच शब्द वापरायचो. जीपमध्ये कागदांचे गठ्ठे, पुढे बॅनर, मैदानात दोनशे लेकरं, प्रत्येकाच्या हातात एक कागद आणि चौघांत एक खडूपेटी. तासाभरात निळा रंग संपला. ‘प्रदर्शन भरवू’ म्हणून चित्रं गोळा करून आणली आणि पुढच्या पावसाळ्यात ती माझ्या घरच्या माळ्यावर उंदरांनी कुरतडली. सहा महिन्यांनी त्यातल्याच एका गावी लग्नाला गेलो होतो. मांडवात एक मुलगी समोर येऊन उभी राहिली, "सर, माझं चित्र कुठंय?"

तेव्हापासून हिशेब बदलला. बारा गावांत एकदा जाण्यापेक्षा एका गावात बारा वेळा जायचं. मी हायस्कूलवर चित्रकला शिकवतो. सुट्टीच्या दिवशी तिघाचौघांना घेऊन एक जिल्हा परिषद शाळा, एक बंजारा तांडा आणि शहरातलं एक बेघर निवारा केंद्र, एवढ्याच जागी जातो. तुम्हाला आपल्या गावात असं काही सुरू करायचं असेल तर पुढचं सगळं त्या एका हिशेबातून वाचा.

आधी पंचांग बघा

मराठवाड्यात कार्यक्रमाची तारीख शेत ठरवतं. जून-जुलै पेरणीचे, तेव्हा मोठी माणसं भेटत नाहीत. सोयाबीनची सुगी दसऱ्याच्या आसपास येते, त्या दिवसांत पाचवीच्या पुढची लेकरंही रानात असतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, परभणी, जालन्याकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या कोयत्यावर निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. नोव्हेंबरमध्ये तांड्यावर वर्ग सुरू केलात तर समोर म्हातारी माणसं आणि कुलपं दिसतील. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं गाव रानात असतं, त्या दिवशी शाळेत जाऊन बसू नका. खरं तर त्या दिवशी रानातच जावं. कडब्याच्या कोपीत मांडलेली पांडवांची पूजा, चुना दिलेले दगड, आंबिलीचं मडकं, एवढं चित्राला पुरे. मार्च परीक्षेचा. एप्रिल-मे सकाळी दहाच्या आतलं.

उरतात जुलैचा शेवट ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. पंधरा दिवसांतून एक फेरी धरली तर या दोन तुकड्यांत बारा फेऱ्या बसतात. आईबाप कोयत्यावर गेले तरी लेकरं गावातच राहावीत म्हणून शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात. दुसऱ्या तुकडीत तिथं आवर्जून जा. संध्याकाळी सहानंतर त्या लेकरांना खरोखर कुणीतरी हवं असतं.

परवानगी कुणाकडून घ्यायची

शाळेसाठी क्रम साधा आहे. आधी मुख्याध्यापकांशी तोंडी बोलणं, मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय, मग केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक पानी पत्र. पुष्कळजण हा क्रम उलटा करतात. वरून पत्र आणतात आणि मुख्याध्यापक पहिल्या दिवशीच तोंड फिरवतात. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं सांगितलं आहे, त्यामुळे बैठकीत नुसतं गुरुजींकडं बघून बोलू नका. एखादी आई विचारते, "रंगानं कपडे खराब होतील की." तिला खरं उत्तर द्या: होतील, त्या दिवशी जुना सदरा घालून पाठवा.

पत्रात चारच गोष्टी लिहा: कोण येणार, कोणत्या तारखा, कोणते वर्ग, आणि शाळेकडून काय लागेल. शेवटच्या मुद्द्यावर आम्ही ‘एक बादली पाणी आणि एक शिक्षक सोबत’ एवढंच लिहितो. शिक्षक सोबत असणं ही अट समजा. 2024 पासून शाळांत उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ आला आहे, तो दिवस मागितला तर गुरुजींनाही सोयीचं जातं.

निवारा केंद्रासाठी महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या, निवाऱ्यांचं काम बघणाऱ्या कक्षात जायचं. 2024 पर्यंत चाललेल्या नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाखभर शहरी लोकसंख्येमागे शंभर माणसांची, चोवीस तास उघडी निवाऱ्याची सोय असा होता. प्रत्यक्ष केंद्र बहुतेक ठिकाणी एखादी संस्था किंवा बचत गट चालवतो. कागद कक्षात द्या, चहा मात्र केंद्राच्या व्यवस्थापकासोबत घ्या. रात्री कोण झोपत नाही, कोण कुणाशी बोलत नाही, हे त्यालाच ठाऊक असतं.

माणसं किती आणि कशी

आठ-दहा लेकरांमागे एक मोठं माणूस. तीस लेकरांना चौघं पुरतात. चांगलं चित्र काढणारा माणूसच हवा असं नाही, उलट तो धोकादायक असतो. लेकराच्या कागदावर हात घालतो. आमचा एकच पक्का नियम आहे: दुसऱ्याच्या कागदावर आपली रेघ नाही. कुणी म्हणालं, "सर, तुम्हीच काढून द्या ना बैल," तर वेगळा कागद घ्यायचा, शेजारी बसायचं, आपला बैल आपण काढायचा. तो वाकडा आला तर फारच बरं.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे आणि इतर जिल्ह्यांतही कला शिक्षक पदविकेचे विद्यार्थी सापडतात. त्यांना सरावासाठी बोलवा, पण तीन फेऱ्यांचा शब्द आधी घ्या. एका दिवसापुरता येणारा मोबाइल काढतो, फोटो घेतो आणि जातो. एक बाई सोबत असलीच पाहिजे, तांड्यावर आणि निवाऱ्यावर तर हमखास. लेकरासोबत एकट्यानं बंद खोलीत कुणी थांबायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत तोंडावर सांगून टाका. ज्याला राग येईल त्याला नेऊ नका. 1098 हा बालमदतीचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

साहित्य: किराणा दुकान, कुंभारवाडा आणि रान

इथं मी जरा रेंगाळणार आहे.

दुकानातून घ्यायचं फार थोडं: मेणाचे जाड खडू, पांढरा जाडसर कागद, डिंकाची बाटली, बोथट टोकाच्या कात्र्या. खडू पेटीत ठेवू नका. पेटी आली की ‘माझी’ आणि ‘त्याची’ सुरू होतं. सगळे फोडून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत रंगवार टाका, लाल एका डब्यात, पिवळे दुसऱ्यात. चार-पाच जणांच्या कोंडाळ्यात एकेक संच. निळा आणि तपकिरी दुप्पट घ्या. आभाळ आणि रान त्यातच संपतं. कागदासाठी छापखान्यात उरलेलं रीळ मागा. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू जाड असते, लहान चित्राला फार छान. लग्नसराईनंतर गावातल्या दहा घरांतून शंभर पत्रिका सहज निघतात.

बाकीचे रंग घरी करता येतात. गेरू, म्हणजे काव, आणि पिवळी माती कुंभाराकडं किंवा पूजेच्या दुकानात मिळते. काळ्यासाठी कंदिलाची काजळी किंवा बारीक कुटलेला कोळसा. पांढऱ्यासाठी फळ्याच्या खडूची वस्त्रगाळ पूड. चिकटपणासाठी बाभळीचा डिंक. मूठभर डिंक आदल्या रात्री दुप्पट पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळा. वाटीत दोन चमचे रंगाची पूड, एक चमचा डिंकपाणी, लागेल तसं साधं पाणी. बोटानं घोटा, चरचर थांबली की रंग झाला. वाळल्यावर बोट फिरवून बघा. पूड हाताला लागली तर डिंक कमी, चित्र तडकलं तर जास्त. उन्हाळ्यात डिंकपाणी दोनतीन दिवसांत आंबतं आणि वर्गभर वास सुटतो, म्हणून लागेल तेवढंच करा.

अजिंठ्याच्या चित्रकारांचे रंगही मूळचे असेच: गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवट दगडाची पूड. फक्त निळा, लाजवर्द या दगडाचा, दूरदेशाहून आलेला. हे वाटी घोटता घोटता सांगितलं की लेकरं वाटीकडं वेगळ्या नजरेनं बघतात. भिंतीवर चित्राआधी मातीचा लेप असे, त्यात तूस आणि गवताचे तंतू. लेकरांच्या आज्यांनी घर लिंपताना मातीत भुस्कट मिसळलेलं असतं, तेच हे. एकदा ही ओळख पटली की अजिंठा ‘पुस्तकातलं’ राहत नाही.

फाल्गुनात पळस फुलतो. फुलं उकळून केशरी-पिवळं पाणी निघतं, त्यावर लेकरं खूश. हळदीत चिमूटभर चुना टाकला की लाल होते, ही जादू तर कितीही वेळा दाखवा. दोन्ही रंग उन्हात उडतात हे मात्र आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं. खिडकीत लावलेली पळसाची चित्रं महिन्याभरात फिकट झाली आणि एक मुलगा आमच्याकडं असा बघत होता, जणू आम्हीच पुसली. आणि चुन्याला मोठ्यांनीच हात लावायचा. डोळ्यात गेला तर भलतंच होतं. भरपूर पाण्यानं धुऊन थेट दवाखाना.

आता माती. पोळ्याच्या आधीच्या फेरीत मातीचे बैल करायचे, हा विषय ठरलेलाच. आपल्याकडची काळी माती मळायला लोण्यासारखी, पण ओली असताना फुगते आणि वाळताना आखडते. पहिल्या वर्षी आम्ही थेट शेतातली माती आणली. संध्याकाळी पस्तीस बैल ओसरीवर ओळीनं उभे होते. सकाळी शिंगं खाली आणि पाठीवर उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा. कुंभारदादांना विचारलं तेव्हा ते हसले. त्यांनी सांगितलेलं प्रमाण आजही चालतं: दोन घमेली कुंभाराची माती, एक घमेलं काळी, दोन ओंजळी चाळलेली राख, ओंजळभर लीद किंवा वाळलेल्या शेणाचा भुगा. दोन दिवस भिजवा, पायानं तुडवा. अंगठ्यापेक्षा जाड काही करू नका. पोट जाड असेल तर खालून बोटानं पोकळ करा. पाय वेगळे चिकटवायचे नाहीत, त्याच गोळ्यातून ओढून काढायचे. वाळवताना सावलीत, वर ओलं फडकं, दुसऱ्या दिवशी फडकं काढा.

शाळेतली पहिली फेरी

‘काहीही काढा’ म्हणालात की काय येतं ते ठरलेलं आहे: दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली नदी, कौलारू घर, नारळाचं झाड. परभणीच्या सपाट रानात वाढलेलं लेकरूही हेच काढतं, आणि त्यानं नारळ देवळात फोडतानाच पाहिलेला असतो. ‘हे काढू नका’ असं म्हणू नये, कारण त्याला तेवढं एक चित्र खात्रीनं जमतं. ते काढून होऊ द्यावं. मग हातात एखादी वस्तू द्यावी.

एकदा मी म्हणालो, आपापली चप्पल समोर ठेवा आणि काढा. विषय सुचला म्हणून मी खूश होतो. चार लेकरं अनवाणी आलेली होती. त्यातल्या एकानं मुकाट्यानं आपला पायच काढला, पाची नखांसकट. बाकीची तिघं मान खाली घालून बसली. तेव्हापासून मी पिशवीतून वस्तू नेतो: तुरीची शेंग, बोंड, बाभळीची डहाळी, भुईमुगाचा वेल मुळांसकट. प्रत्येकाला एक, आणि सगळ्यांची सारखी.

दीड तासाची फेरी साधारण अशी जाते. पहिली दहा मिनिटं नावं, गप्पा, सतरंज्या. मग शेंग हातात घेऊन नुसती बघायची. किती दाणे असतील ते उघडायच्या आत बोटांनी चाचपून सांगायचं. दहा मिनिटं कोळशानं, कागदाकडं न बघता, नजर शेंगेवर. यात हशा पिकतो आणि ‘मला येत नाही’ची भीती निम्मी जाते. मग खरं चित्र, अर्धा-पाऊण तास. या वेळात तुम्ही शक्य तितकं गप्प राहा. ‘वा, छान’ हे सगळ्यांना सारखंच म्हणत फिरलं की त्याला किंमत उरत नाही. त्यापेक्षा जे दिसतंय ते बोला: "इथं तू खडू फार जोरात दाबलायस." लेकरू स्वतः कारण सांगतं. शेवटी चित्रं जमिनीवर ओळीनं ठेवायची आणि सगळ्यांनी कडेनं एक फेरी मारायची. नंबर नाही, बक्षीस नाही.

नंबराचं लचांड गुरुजींकडून येतं, प्रेमापोटी. तसंच इंटरमिजिएट परीक्षेचं. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आहेत, त्यातल्या इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, हे पालकांना जरूर सांगा. पण वर्ग त्या परीक्षेच्या तयारीचा झाला की तुरीची शेंग जाऊन तिथं डबा, वाटी आणि पेरू येतात. ते शिकवायला आम्ही शाळेत पगार घेतो.

घरच्यांना कसं आणायचं

बोलावून घरची माणसं येत नाहीत. आपण ओसरीवर जायचं. वेळ संध्याकाळी, भाकरी टाकायच्या आधी. आणि ‘चित्रकला’ हा शब्द वापरायचा नाही, बाया लगेच म्हणतात, "आम्हाला काय येतंय बाई." त्यांना येतं ते त्यांच्याच हातात असतं: वाकळ.

वाकळीचा वर्ग असा मांडा. घरटी दोन जुनी चिरगुटं आणायची, लेकरानं त्यावर खडूनं एक आकार काढायचा, आईनं किंवा आजीनं तो कापून ठिगळ लावायचं. धावदोरा सगळ्यांना येतो. सगळे चौकोन एकत्र जोडले की एक मोठी वाकळ होते. चार संध्याकाळी लागतात. ती कुणाकडं राहायची हे पहिल्याच संध्याकाळी ठरवा, नाहीतर शेवटी भांडण. आमच्याकडं ती अंगणवाडीत गेली, दुपारी तिथंच लेकरं झोपतात.

तांड्यावर बंजारा आज्यांकडं आरसे आणि कवड्यांचं भरतकाम असतं. त्यांना शिकवायला जाऊ नका, शिकायला बसा. गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, टाक्यांची नावं विचारून लेकरांना वहीत लिहायला लावली तर आजी-नातवाचा तो एक वेगळाच वर्ग होतो. आजीच्या वेळेचे पैसे द्या, जसे बाहेरच्या पाहुण्या शिक्षकाला दिले असते तसे. उर्दू शाळांच्या वस्तीत सूचना दखनीत द्या, "अब्बी इसकू कात्रो" म्हटलं की अर्धं काम होतं. आणि रमजानच्या महिन्यात संध्याकाळची वेळ धरू नका.

बाप येत नाहीत, ही सगळीकडची तक्रार. पतंगाच्या दिवसांत येतात. कामट्या सोलून द्यायला बोलवा.

निवारा केंद्रात

रेल्वे स्टेशन, बसस्थानक, मोठी देवस्थानं, नांदेडला लंगर, अशा ठिकाणांच्या आसऱ्यानं राहिलेली माणसं कधी ना कधी निवाऱ्यात येतात. कुणी मजूर अड्ड्यावर रोज उभं राहणारं, कुणी घरातून बाहेर काढलेलं, कुणी दवाखान्यातून सुटून परत जायचं कुठं म्हणून आलेलं. सगळ्यांना एकच ‘बिचारे’ समजून गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडाल.

वेळ सातनंतर. सकाळी काम शोधणारे गेलेले असतात. जेवणाच्या रांगेशी वर्गाची गाठ कधीच घालू नका. ‘चित्र काढलं तर जेवण’ असा वाससुद्धा येता कामा नये. कोपऱ्यात एक टेबल, दोन बाकडी, वर चांगला दिवा. जमिनीवर बसायला साठीतल्या गुडघ्यांना जमत नाही. जाड खडू आणि कोळसा न्या, हात थरथरत असला तरी जाड रेघ धरता येते. आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे वाचायचे चष्मे. दीड, दोन, अडीच नंबरचे तयार चष्मे बाजारात मिळतात, तिन्हींचे दोन-दोन डब्यात ठेवा. तीन आठवडे "मेरेकू नै आता जी" म्हणणारे एक चाचा चष्मा लावल्याबरोबर बसले. त्यांना कागदच दिसत नव्हता.

आम्ही बसतो, आपलंच काहीतरी काढत राहतो. कुणी येतं, कुणी लांबून बघतं. पहिल्या तीन फेऱ्यांत दोनचारच माणसं बसली तर वाईट वाटून घेऊ नका. चौथ्या फेरीला "मागच्या बारीला आलते तेच का?" असं कुणीतरी विचारतं, आणि तिथून पुढं वर्ग सुरू होतो.

विषय जपून. ‘तुमचं घर काढा’, ‘कुटुंब काढा’, ‘लहानपणची आठवण’, यातलं काहीही नको. समोरचं द्या: पान, किटली, दाराची कडी. ठिपक्यांची रांगोळी कागदावर अप्रतिम चालते, पुरुषही बसतात, कारण ठिपके मोजायचं काम डोक्याला गुंतवून ठेवतं. कुणी आपणहून काही सांगू लागलं तर ऐका, उलटे प्रश्न नकोत, वहीत लिहून नेणं तर नकोच. आपण मनाचे डॉक्टर नव्हे. कुणी फार अस्वस्थ झालं तर व्यवस्थापकाला हाक मारायची, एवढंच आपलं काम.

काय नेऊ नये, तेही लिहून ठेवतो. थिनर, व्हाइटनर, पंक्चरवाल्याचं सोल्युशन, स्प्रेचा रंग अजिबात नको. या वस्तू हुंगण्याचं व्यसन असलेलं कुणी तिथं असू शकतं. ब्लेड आणि कटर नको, कागद आदल्या दिवशी कापून न्या. प्यायलेला माणूस आला तर त्याला हाकलू नका, बाहेरच्या बाकड्यावर बसवून ‘उद्या या’ म्हणा. आणि उद्या खरंच असा.

मोठं चित्र काढून घेऊ नका. ज्याचं सगळं सामान एका पिशवीत आहे तो फुलस्केप चित्र ठेवणार कुठं? आम्ही एका कागदाच्या चार घड्या घालून खिशात मावेल अशी पुस्तिका करतो आणि प्लास्टिकच्या पाकिटात देतो, ज्यात लोक आधारकार्ड ठेवतात तसल्या. एका आजोबांनी ती घेताना विचारलं, "तुम्ही हे विकणार का?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग कशाला येता?" मला नीट उत्तर देता आलं नाही. ते पुढच्या वेळी आले, हे खरं.

कुणाचं चित्र विकलं गेलंच तर पैसे त्या माणसाच्या हातात, त्याच आठवड्यात. संस्थेच्या खात्यात ‘जमा’ नाही.

भिंत रंगवायची हौस

सगळ्यांना भिंत हवी असते. सरपंचांना, गुरुजींना, देणगीदाराला. माझं मत: सहाव्या फेरीच्या आधी भिंतीला हात लावू नका. आणि लावलात तर दिवाळीनंतर, भिंत पुरती वाळल्यावर. बोटानं घासून पांढरी पूड निघते ती लोणा लागलेली, म्हणजे क्षार फुटलेली भिंत, ती सोडाच. महिन्यात पापुद्रे निघतील. खरवडून, घासून, एक हात प्रायमर, मग बाहेरच्या भिंतीचा पाण्यातला रंग. दोन हातांना लिटरमागं साधारण पन्नास-साठ चौरस फूट धरा. लेकरांच्या हाताला येईल तेवढाच पट्टा, जमिनीपासून दोन ते साडेचार फूट. लाकडी घोड्यावर, शिडीवर लेकरू नको.

वरून वार्निश मारायचा मोह होतो. 1920 च्या सुमाराला निजाम सरकारनं इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचा लेप दिला होता. तो पुढं पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याला तो काढत बसावं लागलं. आपली भिंत काही अजिंठा नव्हे. तीन वर्षांनी पुढची तुकडी त्यावर चुना मारून आपलं काढेल, ते बरंच.

अजिंठ्याला सहल न्यायची असेल तर सोमवार टाळा, वेरूळला मंगळवार. लेणी बंद असतात. पंधरा वर्षांखालच्या लेकरांना तिकीट नाही. सगळी लेणी दाखवायच्या फंदात पडू नका. पहिलं आणि सतरावं, दोन्हींत अर्धा-अर्धा तास, कागद-पेन्सिल हातात.

फोटो, प्रदर्शन, पैसा

फोटो हाताचे आणि चित्रांचे काढा. लेकरांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाही, आणि निवारा केंद्रातल्या कुणाचाही चेहरा नाहीच. कुणाला तरी कुणीतरी शोधत असतं, आणि शोधणारा चांगलाच असेल असं नाही. बालगृहातल्या किंवा बाल कल्याण समितीपुढं गेलेल्या लेकराची ओळख उघड करणं 2015 च्या बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे. पेपरवाल्यांना आधीच सांगा. ते समजून घेतात, फक्त आयत्या वेळी सांगू नका.

प्रदर्शन गावातच भरवा. पारावर दोरी बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी, आठवडी बाजाराच्या दिवशी. शहरातल्या सभागृहात भरलं की ज्याचं चित्र त्याची आई तिथं पोचत नाही. दिवस मावळला की चित्रं काढून ज्याची त्याला. मांडवातल्या त्या मुलीसाठी आम्ही आता प्रत्येक चित्राच्या मागं नाव आणि तारीख लिहितो आणि नेलंच तर वहीत सही करून नेतो, परत आणल्यावर ज्याचं चित्र त्याची सही घेतो.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीला संस्था नोंदवायची घाई करू नका. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी झाली की दरवर्षीचा हिशेब, लेखापरीक्षण मागं लागतं, ते पेलणारा माणूस आधी हवा. पहिलं वर्ष वस्तूंवर निघतं. एका दुकानदाराकडून खडू, छापखान्याकडून कागद, कुणाकडून पेट्रोल. वहीत प्रत्येक वस्तू आणि देणाऱ्याचं नाव लिहा, आणि ती वही कुणीही मागितली तर दाखवा. बॅनरला पैसे घालू नका. देणगीदाराला नाव हवंच असेल तर डब्यावर चिठ्ठी चिकटवा.

निघताना

बारा फेऱ्या झाल्या की थांबायचं, आणि हे सहाव्या फेरीलाच सांगून ठेवायचं. निघताना एक पत्र्याची पेटी तिथंच ठेवा: खडूंचे डबे, गेरू, डिंकाचा पुडा, कात्र्या, कागदांचा गठ्ठा, चष्मे. शाळेत ती दोन मोठ्या लेकरांच्या ताब्यात, तांड्यावर अंगणवाडी ताईंकडं, निवाऱ्यात रोज टेबलावर बसणाऱ्यांपैकी एकाकडं.

दोन महिन्यांनी न सांगता चक्कर मारा आणि पेटी उघडून खडू बघा. आखूड झालेले असतील तर नवा डबा ठेवून या. आहेत तेवढेच लांब असतील तर पेटी कुलपात होती. किल्ली कुणाकडं आहे ते गुरुजींना विचारू नका, लेकरांना विचारा. त्यांना पक्कं माहीत असतं.